पुरीचं फूल, मापाचं ब्लाउज

आमच्या देव्हाऱ्यात गणपती, बाळकृष्ण, अन्नपूर्णा आणि सँड डॉलर असे चार देव होते. चौथ्याला सँड डॉलर म्हणतात हे घरात कोणालाच ठाऊक नव्हतं. आई त्याला पुरीचं फूल म्हणायची. बाबांच्या रेल्वेच्या पासवर आम्ही एकदा जगन्नाथपुरीला गेलो होतो. रायपूरच्या रेल्वेतलं प्रत्येक घर एकदा तरी जातंच. तिथं लाट मागे गेल्यावर ओल्या वाळूत आईला तळहाताएवढी चपटी, पांढरी चकती सापडली. वरच्या अंगाला पाच पाकळ्यांचं फूल कोरलेलं आणि एका कडेला शेजारीशेजारी दोन लांबट खाचा. देवानंच दिलं म्हणून तिनं ते पदराला बांधलं, येताना गाडीत रात्रभर मांडीवर धरून बसली, आणि घरी आल्यावर देव्हाऱ्यात ठेवून हळदकुंकू वाहायला लागली. दोन खाचा नेहमी भिंतीकडे, बाकीचं फूल आपल्याकडे. असंच का, हे तिला सांगता आलं नसतं. कोणतीही वस्तू ठेवायची तिची एक बाजू ठरलेली असायची आणि ती बदललेली तिला खपत नसे.

आमचं घर गुढियारीत, रुळांच्या पलीकडच्या वस्तीत. बाबा मालधक्क्यावर कारकून होते. दिवसभर शंटिंग चालायचं, डबे एकमेकांवर धडकायचे आणि आमच्या मांडणीतली ताटं किणकिणायची. पाहुणे दचकायचे, आम्हाला ऐकूही यायचं नाही. बाजारातून गूळ, मिरची आणि बारदानाचा वास घरात शिरायचा. सगळ्या पाऱ्यात, म्हणजे मोहल्ल्यात, तांदूळच शिजायचा. शेजारची साहूभाभी तांदळाच्या पिठाचे वाफवलेले फरे वाटीभर आणून द्यायची, आणि बाबा मात्र वर्ध्याहून मागवलेल्या ज्वारीच्या भाकरीशिवाय जेवत नसत. ह्या सगळ्या आवाजांच्या खाली, पाण्याच्या नळासारखं सतत चालू असायचं ते आईचं शिवणयंत्र. ती बाहेरचं शिवण घेत नसे. फक्त घरचं, आणि त्यातही मुख्यतः माझं. मला रेडिमेड कपडा कधी मिळाला नाही. बाजारात मैत्रिणींनी ड्रेस घेतले की मी हट्ट करायचे आणि आई म्हणायची, "त्या कापडात दम नसते वं. मी शिवते ना तुले." मला वाटायचं, केवढी ही चिकट बाई.

मी मूळचीच काळजीखोर. परीक्षा संपली की निकालाची काळजी, निकाल लागला की पुढच्या परीक्षेची. बाबा उशिरा आले तर मालधक्क्यावर काहीतरी झालं असणार, आणि वेळेवर आले तर नोकरी गेली असणार, अशी माझी तऱ्हा. आजही बदललेली नाही. मुलाचा फोन दोनदा वाजून बंद झाला की मी लगेच उलटा फोन लावते. पण त्या वर्षीची काळजी अस्सल होती, तिला घर होतं, दार होतं, आणि ती त्या दारातून आत आली तेव्हा तिला मीच पाणी दिलं.

ते राजधानीचं वर्ष. नवं राज्य झालं आणि आमचं रायपूर बघता बघता बड्या लोकांचं गाव झालं. जुन्या दवाखान्याच्या इमारतीत मंत्रालय भरलं, रुग्ण दुसरीकडे गेले. लाल दिव्याच्या गाड्या गुढियारीच्या फाटकापाशी मालगाडी जाईस्तोवर आमच्यासारख्याच ताटकळायला लागल्या, त्याचा बाबांना फार आनंद व्हायचा. आणि भोपाळहून बदलून आलेली सरकारी नोकरीतली मराठी मुलं खोल्या शोधत हिंडायला लागली. मुली असलेल्या सगळ्या घरांत ही बातमी नळाला पाणी आल्याच्या बातमीच्या आधी पोचली. नागपूरच्या आत्याला तर नागपुरातच पोचली. ती पंधरा दिवसांत येऊन धडकली आणि तिनं असाच एक मुलगा, भोपाळला आई असलेला, बापाविना वाढलेला, आमच्या घरी पोह्यांना आणून बसवला.

मला तो आवडला, हे सरळ सांगते. अविनाश नाव. मेसच्या वरणाला कंटाळलेला होता. आईनं केलेल्या पातोडीच्या रश्शाला त्यानं दोनदा वाटी पुढे केली आणि दोन्ही वेळा आधी माझ्याकडे पाहिलं, जणू मीच वाढणार होते. गाडीचा धक्का बसून ताटं वाजली तेव्हा दचकला, मग स्वतःशीच हसला. मी बी.एस्सी. करते म्हटल्यावर पुढे शिकायचं आहे का विचारलं. बस, एवढंच. पण त्या वयात एवढ्यावर माणूस महिनाभर जगतो. चार दिवसांनी शेजारच्या साहूभैयांच्या दुकानातल्या फोनवर होकार आला. मी आनंदानं वेडी झाले आणि त्याच दिवसापासून काहीतरी बिघडणार ह्या धास्तीनं माझं जेवण कमी झालं.

बिघडायला सुरुवात कॉलेजात झाली. प्राणिशास्त्राच्या प्रॅक्टिकलला सँड डॉलरची आकृती काढायची होती. आमच्याकडे आकृत्या काढायची एक रीत होती: प्राण्याकडे पाहायचं नाही, वरच्या वर्गातल्या मुलीची फाइल मागायची. गोल प्राणी असला की कागदावर बांगडी ठेवायची आणि पेन्सिल फिरवायची. मी बांगडीचा गोल काढला, आत एकसारख्या पाच पाकळ्या काढल्या आणि खाली ऐटीत लिहिलं की हा पाचही दिशांनी सारखा. आमच्या मॅडम उंच, सावळ्या, आवाज कधीही न चढवणाऱ्या. त्यांनी आकृती पाहून फक्त विचारलं, "ये जानवर है कि रंगोली? चलता किधर है?" मला सांगता येईना. वर्गातल्या कोणालाच येईना. कॉलेजच्या बरणीतल्या सँड डॉलरचा कधीच चुरा झाला होता. मॅडम वर्णन करायला लागल्या, चपटा, पांढरा, वर पाच पाकळ्या, एका कडेला दोन खाचा. मी म्हटलं, मॅडम, तो आमच्या देव्हाऱ्यात आहे.

आईकडून ते मिळवणं म्हणजे दिव्य होतं. तो समुद्रातल्या प्राण्याचा सांगाडा आहे हे मी बोलून बसले आणि घरात सुतक पडल्यासारखं झालं. बाबांनी शांतपणे आठवण करून दिली की शंखही प्राण्याचाच असतो, तेव्हा कुठं ती सावरली. शेवटी अटी ठरल्या. कुंकू पुसायचं नाही, पालथं ठेवायचं नाही, चामड्याच्या पर्समध्ये न्यायचं नाही. मी ते स्टीलच्या डब्यात, कापसावर ठेवून नेलं. मॅडमनी कुंकवासकट हातात घेतलं, हसल्या नाहीत, आणि पहिली गोष्ट केली ती म्हणजे ते पालथं केलं. मी मनातल्या मनात देवाची माफी मागितली. खाली बरोबर मध्यावर तोंड होतं. पण दुसरं छिद्र, मळ बाहेर टाकायचं, ते मध्यावर नव्हतं. ते कडेला, दोन खाचांच्या मधोमध. म्हणजे ही झाली मागची बाजू. समोरची तिच्या उलट. हा वाळूत एकाच दिशेनं पुढे सरकतो. वरून पाचही बाजूंनी सारखा दिसतो, पण त्याला पुढचं आहे, मागचं आहे, म्हणून डावं आहे, उजवं आहे. मॅडम म्हणाल्या की अंड्यातून निघतो तेव्हा ह्याचं पिल्लू अगदीच वेगळं असतं, चक्क डावंउजवं असलेलं. आणि मग त्याच्या डाव्या अंगातून हा सगळा गोल देह घडतो, बाकीचं बरंचसं गळून जातं. हे ऐकून वर्गात कोणाला काही वाटलं नसेल. मला उगाच अस्वस्थ वाटलं. घरी जाऊन एक काम करायला सांगितलं त्यांनी: पातळ कागदावर ह्याची कड आणि पाकळ्या उतरवून घे, घडी घालून पाहा, कोणत्या रेषेवर दोन्ही भाग जुळतात ते शोध, आणि तीच रेष आकृतीत दाखव.

दुपारची वेळ होती. आई जमिनीवर सतरंजी टाकून स्वतःसाठी ब्लाउज कापत बसली होती. मी तिच्याच कटिंगच्या पातळ कागदावर पुरीचं फूल उतरवलं आणि घड्या घालायला लागले. पहिल्या पाकळीवरून घडी घातली, खाचा जुळेनात. दुसरीवरून, तिसरीवरून, तेच. मग दोन खाचांच्या मधून घडी घातली आणि खाच खाचेवर बसली. मी कागद उजेडाकडे धरला. जवळजवळ जुळलं होतं, पण पूर्ण नाही. उजवीकडची एक पाकळी डावीपेक्षा किंचित लांब होती. मला गंमत वाटली. मी आईला म्हटलं, पाहा, तुझ्या देवाची पण घडी नीट बसत नाही.

आई ऐकत नव्हती. तिनं कापडाची घडी घातली होती आणि दुहेरी कापडावरून कात्री चालवत होती, म्हणजे डावा भाग आणि उजवा भाग एकदमच कापला जातो आणि तंतोतंत सारखा येतो. ब्लाउज असंच कापतात, हे मी लहानपणापासून पाहत आले होते. फक्त माझे कपडे ती असे कापत नसे. माझं कापड ती नेहमी एकेरी पसरायची, आधी उजवा भाग खडूनं आखून कापायची, मग डावा वेगळा. विचारलं तर म्हणायची, तुझं कापड घसरते. मी इतकी वर्षं हे ऐकलं होतं आणि कधी कापडाकडे पाहिलं नव्हतं. त्या दिवशी माझ्या हातात घडी घातलेला कागद होता म्हणून असेल, मी उठले, दोरीवरचा माझा वाळलेला कुर्ता काढला, जमिनीवर पसरला आणि बरोबर गळ्याच्या मध्यावरून त्याची घडी घातली. खांदे जुळले नाहीत. उजवा खांदा वर, डावा खाली. पाठीला उजवीकडे कापड जास्त. डाव्या खांद्याच्या आत कापडाची एक बारीक गादी शिवलेली, ती मला आजवर शिवण वाटत होती. मी पेटीतले आणखी कुर्ते काढले. शाळेचा जुना फ्रॉक काढला. सगळे वाकडे. फ्रॉकमध्ये थोडा फरक, कुर्त्यांत जास्त.

"आई, हे काय आहे?"

ती म्हणाली, कणीक मळायची राहिली. उठायला गेली आणि उठली नाही. मग कात्रीकडे पाहत म्हणाली, "तुही पाठ थोडी एका बाजूले आहे. जास्त नाही. दिसत नाही कोणाले."

"दिसत नाही, कारण तू दिसू देत नाहीस."

"मंग काय करू? दाखवत फिरू?"

मी आरशासमोर गेले, ओढणी काढून पाठमोरी उभी राहिले, मान वळवून पाहिलं. उजव्या बाजूचं खांद्याचं हाड वर आलेलं होतं. हे मी ह्याआधी पाहिलं नसेल का? पाहिलं असेल. पण आरशात माणूस चेहरा पाहतो, आणि माझ्या अंगावर नेहमी आईचं शिवण होतं. त्या क्षणापासून मी माझ्या सावलीकडे पाहायला लागले, ती आजतागायत. दुकानाच्या काचेसमोरून जाताना अजून माझी नजर आधी खांद्यांवर जाते. हसू येतं, पण जाते.

दोन दिवसांनी साहूभैयांच्या दुकानातून बोलावणं आलं. आत्याचा फोन. साक्षगंधाची, म्हणजे साखरपुड्याची, तारीख ठरली होती, आणि अविनाशच्या आईनं, भोपाळच्या काकूंनी, मापाचं ब्लाउज मागवलं होतं. आमच्याकडे साक्षगंधाला मुलाकडचे साडी आणतात, त्यावरचं ब्लाउज तेच शिवून आणतात, मुलगी आतल्या खोलीत जाऊन ते घालून साडी नेसते आणि मग पाटावर येऊन बसते. त्यासाठी मुलीचं अंगाला बसणारं एक ब्लाउज आधी मागवून घेतात. ह्यात काहीच नवं नव्हतं. आईचं मात्र तोंडचं पाणी पळालं. माझं एकच ब्लाउज होतं, कॉलेजच्या समारंभासाठी तिनं शिवलेलं. शिंप्याच्या टेबलावर ते सपाट पसरलं की झालं, सगळी कथा उलगडणार.

मी म्हटलं, पाठव तेच. मी हे अगदी शूरपणे म्हटलं असं आठवतं. आतून मात्र मला तो नकार आधीच ऐकू येत होता. बाबा म्हणाले, होईल सगळं बरोबर. हे त्यांचं नेहमीचं वाक्य, आणि ते म्हटल्यावर ते नेहमी मालधक्क्यावर निघून जात. आईनं कोणाशी चर्चा केली नाही. तिनं यंत्र उघडलं आणि घरात होतं त्या पांढऱ्या कापडाची घडी घालून, दुहेरी कापून, सरळ खांद्यांचं, सारख्या पाठीचं एक ब्लाउज शिवलं. माझ्यासाठी तिनं कापलेलं हे पहिलं घडीचं कापड. ते मी कधी अंगात घातलं नाही, घालण्यासाठी ते नव्हतंच. मी दारात उभी राहून पाहत होते. मला ओरडावंसं वाटत होतं, आणि ते ब्लाउज लवकर पूर्ण व्हावं असंही वाटत होतं. बाबांनी ते पाकीट भोपाळच्या गाडीवरच्या ओळखीच्या गार्डाच्या हाती दिलं. पाकीट गेलं आणि मग आम्हा दोघींच्या एकदमच लक्षात आलं की सरळ मापावर सरळच ब्लाउज शिवून येणार. ते सगळ्यांसमोर मलाच घालायचं होतं.

त्या मधल्या दिवसांत आईनं काय काय योजलं. पदर दोन्ही खांद्यांवरून घ्यायचा. केस मोकळे सोडायचे. शिंप्यानं बिघडवलं म्हणून बोंब मारायची आणि आपलंच घालायचं. मी सरळ उभं राहायचा सराव करायचे, म्हणजे डावा खांदा उचलून धरायचे, तर मान दुखायची आणि आणखीच वाकडी दिसायचे. रात्री झोप नाही, सकाळी भूक नाही. मॅडमनी माझी आकृती पूर्ण वर्गाला दाखवली, किंचित लांब पाकळीसकट, आणि मला त्याचाही आनंद झाला नाही.

साक्षगंधाच्या दिवशी घर वड्यांच्या तळणीनं भरून गेलं होतं. अविनाश बाहेर बाबांजवळ बसला होता आणि ताटं वाजली की आता दचकत नव्हता. काकू आत आल्या. लहानखुऱ्या, चष्मा लावलेल्या, भोपाळच्या हिंदीतून बोलता बोलता मराठीत येणाऱ्या. त्यांनी डाळिंबी रंगाची साडी माझ्या हातावर ठेवली आणि त्यावर ब्लाउज. आतल्या खोलीत आई, आत्या, काकू आणि मी. मी ब्लाउज घातलं. हुक लागले. आणि उजवीकडे पाठीवर कापड ताणलं, डावा खांदा ओघळून दंडावर आला. मी तो वर ओढला, तो पुन्हा आला.

आईनं ठरल्याप्रमाणे सुरुवात केली. हे शिंपी म्हणजे नं, चांगल्या कापडाची माती करतात, माप दिलेलं असूनही ह्यांचं लक्ष कुठं असतं कोण जाणे. ती थांबेचना. आत्यानंही री ओढली. काकूंनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "शिंप्याकडे नाही दिलं. मीच शिवलंय. दोन वेळा माप ताडून पाहिलं होतं."

बाहेर शंटिंगचा धक्का बसला आणि मांडणीतली ताटं वाजत राहिली. आईचा चेहरा मला बघवेना. मी खांदा धरून ठेवला होता, तो सोडला.

"ब्लाउज बरोबर आहे काकू," मी म्हटलं. "मीच सरळ नाही."

काकूंनी मला खांद्याला धरून खिडकीकडे पाठमोरं केलं. त्यांचं बोट मानेपासून खाली माझ्या पाठीच्या मणक्यावरून फिरलं. ते कुठं वळलं ते मलाही कळलं. मला वाटलं, आता ह्या साडी परत मागतील. त्यांनी आईला विचारलं, "वाढतंय का हे?"

हा प्रश्न आमच्या घरात कोणी कोणाला कधीही विचारला नव्हता. मीही नाही, इतकी काळजी करणारी मी. आईनं पदराचा बोळा तोंडाशी धरला आणि पहिल्यांदा खरं बोलली. शाळेत होती तेव्हा अर्ध्या बोटाचा फरक ठेवत होती. मग एक बोट. आता दीड.

"म्हणजे दर वर्षीचं माप तुम्हाला पाठ आहे," काकू म्हणाल्या. त्यांचा आवाज चढला नव्हता, पण आत्या मागे सरकली. "आणि डॉक्टरला एकदा पण नाही दाखवलं?"

"मले वाटलं, झाकलं तं राहील तेवढंच," आई म्हणाली. "पोट्टीची जात आहे. एकदा दवाखान्यात गेलं की गावभर होते."

काकूंनी मला वळवलं, साडी नेसवून पदर माझ्या दोन्ही खांद्यांवर ओढून दिला. मग आईला म्हणाल्या, नुसती पाठ वाकडी असती तर मी काही बोलले नसते, पण तुम्ही मला खोटं माप पाठवलं. आधी हिला डॉक्टरकडे न्या, पुढचं पुढे पाहू. बाहेर जाऊन त्यांनी अविनाशला बाजूला घेतलं. तो जाताना माझ्याकडे पाहत होता आणि मी जमिनीकडे. ते जेवले, अन्न टाकून गेले नाहीत. साक्षगंधाचं कुंकू मात्र लागलं नाही. नेसलेली साडी परत नेत नाहीत, म्हणून ती माझ्या अंगावरच राहिली, ओघळलेल्या खांद्यासकट. आत्या दारात बसून म्हणाली, झालं, संपलं. आणि एक महिना आईशी बोलली नाही.

हाडांच्या डॉक्टरांकडे बाबा घेऊन गेले. ह्या वेळी मालधक्क्यावर निघून गेले नाहीत, एवढं त्यांच्या नावावर मांडायला हवं. एक्स-रेमध्ये माझा कणा मी पहिल्यांदा पाहिला, मधोमध उजवीकडे झुकून पुन्हा परत आलेला. डॉक्टर म्हणाले, हाडांची वाढ पूर्ण झाली आहे, आता फारसं वाढेल असं दिसत नाही, ऑपरेशन लागणार नाही, संसारात काही अडचण नाही, दर वर्षी दाखवत जा. मग चष्मा काढून म्हणाले की शाळेत असताना आणली असती तर पट्टा लावून हे अडवता आलं असतं. बाबांनी घरी येऊन हे वाक्य आईला सांगितलं नाही. मी सांगितलं. रागातच सांगितलं. ती यंत्रापाशी बसली होती. तिनं यंत्रावर झाकण घातलं आणि ते कित्येक दिवस उघडलं नाही. घरात यंत्राचा आवाज नाही म्हणजे काय ते आम्हाला तेव्हा कळलं. मग ताटं वाजलेलीही ऐकू यायला लागली.

बाबांनी डॉक्टरांचं सगळं म्हणणं भोपाळला फोन करून कळवलं होतं, त्यातही काही लपवलं नाही. तिकडून नुसतं बरं म्हणाले. मग काहीच नाही. साहूभैयांच्या दुकानातला फोन वाजला की मी स्वयंपाकघरात हातातलं काम सोडून उभी राहायचे. दुसऱ्याच कोणाचं नाव पुकारलं जायचं. अविनाश शहरातच होता, दोन मैलांवर, आणि आमच्या गल्लीत फिरकला नाही. मी परीक्षा दिली. प्रॅक्टिकलला मला सँड डॉलरच आला. बाहेरच्या परीक्षकांनी विचारलं की ह्याला कोणती सममिती म्हणायची. मी म्हटलं, वरून पाहिलं तर पाचांची, पालथा केला तर दोनाची, आणि खरं मोजलं तर तीही पूर्ण नाही. पुस्तकात एवढं लिहिलेलं नव्हतं. पण त्यांनी मार्क चांगले दिले. आज शाळेत मुलांना शिकवताना मी तेच सांगते आणि आधी पालथा करून दाखवते.

पुरीचं फूल मी आईला परत दिलं होतं. ती ते देव्हाऱ्यात ठेवेल की नाही ह्याची मला शंका होती. तिनं ठेवलं, जुन्याच जागी, खाचा भिंतीकडे. मी म्हटलं, तू इतकी वर्षं त्याची समोरची बाजूच समोर ठेवत होतीस, माहीत आहे का? दुसऱ्या दिवशी तिनं यंत्रावरचं झाकण काढलं.

त्याच आठवड्यात, भर सकाळी, साहूभैयांनी दुकानातूनच हाक मारली, "बरसा बेटी, नागपूर!" माझ्या नावाचा त्यांच्या तोंडी हाच उच्चार. आई धावत गेली, चपलाही न घालता. मी घराच्या फाटकात उभी राहिले. दुकानात पोती उतरत होती, त्यामुळे आईचं काही ऐकू येत नव्हतं, फक्त मान हलताना दिसत होती. ती परत आली तेव्हा तिचे पाय धुळीनं भरले होते. ती सरळ आत गेली. मी मागोमाग. आता रडणार, ह्या तयारीनं गेले.

"भोपाळवाल्या बाईनं निरोप देला," आई म्हणाली. "कुंकवासाठी नवं ब्लाउज शिवून राहिल्या. माप मांगतलं." पदरानं कपाळ पुसलं. "म्हणे, ह्या वेळी तिचंच पाठवा."

बाबा गाडीच्या वेळेसाठी घड्याळ बघत दारात उभे होते, गार्ड कोण आहे ते आठवत. आईनं पेटी उघडली, तळातून माझं कॉलेजच्या समारंभाचं ब्लाउज काढलं, सतरंजीवर पसरलं, हातानं सुरकुत्या काढल्या. मग पाकिटात बसावं म्हणून मध्यावरून त्याची घडी घालायला गेली. खांदे जुळेनात. तिनं पुन्हा झटकून पाहिलं, पुन्हा घातली. आत्तापर्यंत एकदाही न रडलेली माझी आई तिथं बसून रडली. मग डोळे पुसले आणि न जुळणारी ती घडी तशीच पाकिटात घातली.